कंटेनरपासून दारापर्यंत

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरमार्गे सासवडकडे निघते, तेव्हा दिवे घाट लागण्याआधी वाटेत फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं येतात. वारीचं जे चित्र आपल्या मनात असतं ते घाटातल्या वळणांचं. घाटाच्या अलीकडचा हा पट्टा फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. याच पट्ट्यात, दगडाच्या जुन्या खाणींच्या जागी, पुणे शहर कित्येक वर्षं आपला कचरा आणून टाकत होतं. त्याआधी तो कोथरूडला पडायचा. कोथरूड वाढलं, कचरा डेपोच्या आजूबाजूला इमारती उठल्या आणि डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या मुक्कामाला उभ्या असतात.

कचऱ्याच्या डोंगरात आत काय चालतं हे समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. भाजीची देठं, उरलेला भात, फळांच्या साली या गोष्टी उघड्यावर, हवेशीर जागी पडल्या तर त्यांचं खत होतं. त्याच गोष्टी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, वर दहा मीटर कचरा लादून दाबल्या, की आत हवा पोचत नाही. हवेविना जगणारे जिवाणू तिथे कामाला लागतात आणि मिथेन वायू तयार होतो. मिथेन पेट घेतो. ढिगाच्या पोटात उष्णता साठत जाते, आणि एखाद्या दिवशी वरून शांत दिसणारा डोंगर आतून धुमसू लागतो. वरून पाणी मारलं तरी ही आग आठवडा आठवडा विझत नाही. पावसाळ्यात वेगळाच त्रास. ढिगातून झिरपणारं काळं पाणी बॅटरीतली रसायनं, रंग, औषधं असं सगळं बरोबर घेऊन जमिनीत उतरतं. उरुळी-फुरसुंगीच्या विहिरी अशाच बिघडल्या. ज्या गावांना स्वतःचं पाणी होतं ती टँकरची वाट पाहू लागली.

गावकऱ्यांनी आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, आश्वासनं घेतली, पुन्हा गाड्या अडवल्या. एकदा डेपोला आग लागली आणि गावांनी शहराच्या गाड्या रोखल्या, तेव्हा ती बातमी पुण्याच्या प्रत्येक गल्लीत वासाच्या रूपाने पोचली. चौकाचौकांतले कंटेनर भरून वाहू लागले. त्या दिवसांत पुण्यात राहिलेल्या माणसाला नाकाला रुमाल लावून चालणं आठवत असेल. पुढे २०१७ मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेत आली, नंतर बाहेरही काढली गेली. डोंगर होता तिथेच राहिला. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर तो उकरून, चाळून, कमी करण्याचं काम सुरू झालं. वर्षानुवर्षांचं मिसळलेलं वेगळं करायला किती पैसा आणि किती काळ लागतो, हे तेव्हा कळलं.

डोंगराची गोष्ट आधी सांगितली, कारण ज्या काळात शहर तो रचत होतं, त्याच काळात त्याच शहरातल्या काही हजार बायका हेच वेगळं करण्याचं काम रोज हाताने करत होत्या. कुणी ते करायला सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल पगारही कुणी देत नव्हतं.

पुण्याच्या कचरावेचकांमध्ये बायका अधिक, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजांतल्या. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतून जी कुटुंबं जगायला पुण्यात आली, त्यांतल्या अनेकींच्या वाट्याला हे काम आलं. जमीन नाही, शिक्षण नाही, घरकाम मिळवायला ओळख नाही, आणि जात विचारली जाण्याची भीती. कंटेनरमध्ये उतरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पहाटे पोतं खांद्यावर टाकून निघायचं, कंटेनरमागून कंटेनर उपसायचे, दुपारी माल निवडायचा आणि भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन घालायचा. कुत्री चावायची, काच लागायची. सोसायटीतून काही चोरीला गेलं की पहिला संशय पोतंवालीवर.

भंगाराच्या या धंद्याचं स्वतःचं एक शास्त्र आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. आपण ज्याला कागद म्हणतो त्याचे तिथे कितीतरी भाव आहेत: कोरा पांढरा कागद वेगळा, वह्या-पुस्तकं वेगळी, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. प्लास्टिकचंही तसंच. बादलीचं कडक प्लास्टिक, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, बाटलीचं झाकण, प्रत्येकाची पुढची वाट निराळी. अनुभवी बाई हाताने चुरगाळून, आवाज ऐकून माल कुठला ते सांगते. कोरडा कागद गिरणीला हवा असतो. तोच कागद आमटी सांडलेल्या पिशवीतून आला की त्याचा भाव पडतो किंवा तो कुणी घेतच नाही. म्हणजे घरात एका डब्यात टाकण्याचा जो अर्ध्या सेकंदाचा निर्णय आपण घेतो, त्याने तिची दिवसभराची कमाई ठरते. आणि तो कागद गिरणीत जाणार की उरुळीच्या ढिगात, हेही तिथेच ठरतं.

१९९०च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या वस्त्यांमध्ये साक्षरतेचं काम करत होत्या. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली दोन नावं. मुलांना शिकवायला गेल्या, तर मुलं आयांबरोबर कचरा वेचायला गेलेली. मग या दोघी त्यांच्यामागून फेरीला जाऊ लागल्या. कंटेनरपर्यंत गेल्यावर त्यांना जे दिसलं ते वर्गात बसून दिसलं नसतं: कचरा जर घरातूनच वेगळा होऊन मिळाला, तर बाईचे तास कमी होतात, अंगाला घाण लागत नाही, माल चांगला निघतो, कमाई वाढते आणि मूल शाळेत जाऊ शकतं. म्हणून काही सोसायट्यांशी बोलणं झालं आणि बायकांना विद्यापीठाची ओळखपत्रं मिळाली. दारावर गेल्यावर 'तू कोण?' या प्रश्नाला दाखवायला काहीतरी हाती आलं.

थोड्याच दिवसांत त्याच भागात एका खासगी व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. एका फटक्यात या बायकांचं काम जाणार होतं. त्या रस्त्यावर उतरल्या, गाड्या अडवून धरल्या आणि तो बेत मागे घ्यायला लावला. पण तीस बायकांनी एका भागातली एक गाडी थांबवली म्हणून शहर बदलत नाही, हे त्यांना तेव्हाच उमगलं असावं. वेचकाचाच मुलगा असलेले मोहन ननावरे आणि हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव यांची साथ मिळाली. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, आठशेहून अधिक वेचक जमले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. नावात मालाची यादी आहे. आपण काय विकतो ते उघड सांगणारी आणि त्याखाली 'कष्टकरी' असं लिहून घेणारी ही माणसं काल-परवापर्यंत भिकाऱ्यांत मोजली जात होती.

युनियन म्हटली की मालक कोण असा प्रश्न येतो. इथे मालकच नव्हता. संप करायचा तर कुणाविरुद्ध? हमालांच्या लढ्यामुळे बाबा आढावांना हा पेच ओळखीचा होता. हमालालाही एक मालक नसतो. म्हणून पंचायतीने आपली मागणी वेगळ्या तऱ्हेने मांडली. आम्ही शहराचा कचरा कमी करतो, तो वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचवतो, तेव्हा आम्हाला कामगार म्हणून ओळखा. यातला जोर हिशेबाचा होता. पंचायतीशी जोडलेल्या अभ्यासकांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्याच्या भंगार व्यवसायाचा अभ्यास केला, तेव्हा प्रत्येक वेचक दरमहा महापालिकेला किती रुपयांची फुकट मजुरी देते याचं गणितच मांडून दाखवलं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांवर आपली मान्यता उमटवली. देशात असं आधी कुठल्या महापालिकेने केलं नव्हतं. २००२-०३ पासून पुणे महापालिकेने नोंदणी झालेल्या वेचकांसाठी आरोग्य विम्याची सोय केली. दरम्यान पंचायतीने स्वतःची पतसंस्था काढली, भंगाराची दुकानं चालवली, आणि सफाईसारख्या कामांत असलेल्यांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती वेचकांच्या मुलांपर्यंत पोचवली.

ओळखपत्र म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेला, फोटो आणि शिक्का असलेला छोटा पुठ्ठा. पोलीस चौकीत तो दाखवता येत होता. दवाखान्यात आणि शाळेच्या दाखल्याच्या वेळीही तो पुढे करता येत होता. एखाद्या सोसायटीच्या रखवालदाराने फाटकाशी अडवलं, तर बाई आता मान खाली घालून परत फिरत नव्हती.

२०००च्या नागरी घनकचरा नियमांनी घरोघर जाऊन कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक केलं. बहुतेक शहरांनी याचा अर्थ 'गाड्या आणि ठेकेदार' असा लावला. पुण्यात संघटना आधीपासून उभी असल्यामुळे दुसरी शक्यता मांडता आली: घरोघर जायचंच आहे, तर वेचकांनाच का जाऊ देऊ नये? त्यातून वेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दोन-दोन बायकांची जोडी, एक ढकलगाडी आणि ठरलेली दोनशे-तीनशे घरं. घराने दरमहा ठरावीक सेवाशुल्क द्यायचं. ओला कचरा आणि नकोसा सुका कचरा महापालिकेच्या गाडीवर पोचवायचा, विकण्याजोगा माल बाईचा. वर्षं सरली तशी सभासदांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली.

कंटेनर ते दार हे अंतर फार तर शंभर पावलांचं असेल. पण कंटेनरमध्ये कचरा टाकणारा आणि उपसणारी एकमेकांना कधी भेटत नाहीत. दारात रोज भेट होते. ज्या घराने काच उघडी टाकली त्या घराची बेल दुसऱ्या दिवशी वाजते, आणि पट्टी बांधलेला हात समोर येतो. 'ताई, कालची काच बघा काय केलं तिनं. कागदात गुंडाळून वेगळी देत जा.' माझ्या समजुतीप्रमाणे पुण्यात ओला-सुका वेगळा होऊ लागला तो फलकांपेक्षा या एका वाक्याने जास्त. घरातल्या शाळकरी मुलांनीही ते ऐकलेलं असतं. जेवल्यानंतर आईने साल चुकीच्या डब्यात टाकली की तीच आठवण करून देतात.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपरचा प्रश्न या नात्याची खरी कसोटी होता. शहरातली कमाई वाढली तसा हा कचरा वाढत गेला आणि तो उघडाच सुक्या कचऱ्यात येऊ लागला. दुसऱ्याचं रक्त आणि विष्ठा हाताने चाचपडत माल शोधावा लागणं, याला काय म्हणायचं? वेचकांनी यावर लाल ठिपक्याची मोहीम काढली. वापरलेलं नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघायची वेळ येणार नाही. वेचक बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही बनवून विकल्या. मग त्या आणखी पुढे गेल्या. ज्या कंपन्या हा माल विकून नफा कमावतात त्यांनी तो गुंडाळून टाकायची सोय का द्यायची नाही, असा सवाल करून वापरलेली नॅपकिनंच कंपन्यांना परत पाठवण्याचं आंदोलन त्यांनी केलं. २०१६च्या घनकचरा नियमांमध्ये नॅपकिन-डायपर गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर आणि त्यासाठी पिशवी किंवा वेष्टण देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. त्याच नियमांमध्ये कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितलं गेलं. १९९३च्या परिषदेत जे मागितलं होतं त्यातला काही भाग तेवीस वर्षांनी देशाच्या राजपत्रात छापून आला.

मुंबईत याच वाटेने स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' चालवला. घाटकोपरच्या जोशी लेनसारख्या ठिकाणी रहिवाशांनी एकत्र येऊन गल्लीचा कचरा गल्लीतच जिरवायला सुरुवात केली आणि महापालिकेच्या प्रगत परिसर व्यवस्थापनाच्या योजनेला त्यातून आधार मिळाला. कोकणात वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपालिकेने डम्पिंग ग्राउंडचं रूप पालटून दाखवलं. तिथे कचरा दोन-चार नव्हे तर वीसहून अधिक प्रकारांत निवडला जातो. गाव लहान असलं की दार ते शेवटची जागा हे अंतर डोळ्यांच्या टप्प्यात राहतं, हा मोठा फायदा. पुण्यात रोज दोन हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. तिथे तो टप्पा कुणाच्याच डोळ्यांसमोर राहत नाही, म्हणून पुण्याचं जमलेलं काम मला अधिक मोलाचं वाटतं.

सगळं जमलं असं मात्र नाही. दारात वेगळा केलेला कचरा पुढे एकाच गाडीत ओतला गेला तर घरातली शिस्त आठवडाभरात मोडते. 'आम्ही वेगळा करून काय उपयोग, शेवटी मिसळतातच' हे वाक्य पुण्यात फार ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्यांचं नेहमी चुकतं असंही नाही. महापालिकेने प्रभागाप्रभागांत छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले. काही चालले, काही रखडले. अशा प्रकल्पाला पोटात शुद्ध ओला कचराच लागतो, चमचे आणि पिशव्या आल्या की यंत्र अडतं. मिळकतकरात सवलत मिळवण्यासाठी सोसायट्यांनी बांधलेले खताचे खड्डे पावसाळ्यापुरते जिवंत असतात. वेफर-बिस्किटांची चकचकीत पाकिटं अनेक थरांची असल्याने भंगारात त्यांना भाव नाही. बाई ती वेचते, वाहते, आणि त्याचा मोबदला तिला सहसा मिळत नाही. सेवाशुल्क टाळणारी घरं आहेत. चौथ्या मजल्यावर जायला लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्याही आहेत. आणि बायका म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. ढकलगाडी ओढणाऱ्या गुडघ्यांना निवृत्तिवेतन नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. शहर दारं लावून घरात बसलं तेव्हा ढकलगाड्या फिरतच राहिल्या. कुठल्या घरात रुग्ण आहे हे माहीत नसताना मास्क, रुमाल, उरलेलं अन्न सगळं त्याच हातांवर येत होतं. भंगाराची दुकानं बंद, म्हणजे मालाची कमाई शून्य. बस बंद, म्हणून मैलोन्‌मैल चालत यायचं. तरी घरं सुटली नाहीत. अनेक सोसायट्यांनी शिधा दिला, शुल्क आगाऊ दिलं. काहींनी कचरा येतच नाही असं म्हणून पैसे कापले. दोन्ही घडलं, आणि कुठे काय घडलं हे बाई विसरलेली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस महापालिकेबरोबरचा करार संपत आला. पुढचा करार लांबत गेला, ठेकेदारांच्या गाड्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली. १९९३च्या आधीचाच तो प्रसंग होता, फक्त यावेळी गाडी अडवायला एकट्या वेचक बायका नव्हत्या. 'आमच्याकडे याच येऊ देत' असं सांगणारे नागरिक, सोसायट्यांचे पदाधिकारी, तरुण मुलं त्यांच्या बाजूने बोलली. जिची बेल रोज सकाळी वाजते तिच्याबद्दल माणसं पत्रं लिहायला तयार होतात. त्याच्या बारा वर्षं आधी, सगळे कंटेनरपाशीच थांबत होते तेव्हा, हे पाठबळ कुठून गोळा केलं असतं?

गणेशोत्सवात विसर्जनाच्या दिवशी मुठेच्या घाटांवर या बायका वेगळ्याच कामाला उभ्या असतात. हार, दूर्वा, केवडा, शमीची पानं नदीत जाऊ नयेत म्हणून निर्माल्य गोळा केलं जातं आणि त्याचं खत होतं. घाट गर्दीने फुललेला, ढोलांचा आवाज, गुलाल. निळ्या-हिरव्या कोटातली एक बाई पायरीवर उभी राहून हात पुढे करते आणि म्हणते, 'निर्माल्य इकडं द्या.' समोरचे आजोबा मूर्तीवरचा हार उतरवतात, कपाळाला लावतात आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवतात. ती प्लास्टिकची पिशवी वेगळी काढते, हाराची दोरी तोडते, फुलं एका पोत्यात टाकते आणि पुढच्या माणसाकडे हात करते.